बाथरूमचं परमिट: अमेरिकेतला नियम इथवर कसा आला

अमेरिकेत राहत्या घरातलं जुनं बाथरूम नव्यानं करायचं ठरलं की पहिला वाद परमिटचा निघतो. कंत्राटदार म्हणतो, 'एवढ्याला कशाला?' नगरपालिकेचा माणूस म्हणतो, 'भिंत उघडणार आहात का?' दोघंही आपापल्या परीनं कोडच्या, म्हणजे बांधकामाच्या लेखी नियमावलीच्याच आधारानं बोलत असतात, कारण कोडमध्येच दोन विचार शेजारी शेजारी बसले आहेत.

मुळात हे नियम रोगाच्या भीतीतून आले. १८७०च्या दशकात गटारातून घरात शिरणारा वायूच आजार पसरवतो, असा समज होता. न्यूयॉर्कमध्ये १८८१ साली प्लंबरांची नोंदणी सक्तीची झाली ती याच वातावरणात. पुढे तो समज मोडीत निघाला, पण ट्रॅप (गटाराचा वायू अडवायला पाणी धरून ठेवणारा वाकडा पाइप) आणि व्हेंट (सांडपाण्याच्या पाइपांना हवा पुरवणारी नळी) यांचे नियम टिकले आणि ते योग्यच होतं. नंतर शहरागणिक वेगळे नियम झाले. त्यांना मोजमापाचा पाया मिळाला तो १९२०च्या दशकातल्या सरकारी चाचण्यांमधून. किती नळ-संडासांना किती जाडीचा पाइप लागतो, हे काढण्याची १९४० साली प्रसिद्ध झालेली पद्धत आजच्या कोडच्या मुळाशी आहे.

पण हे सगळं नव्या इमारतींपुरतं झालं. उभ्या घराचं काय, हा खरा गुंता. त्यावर अनेक दशकं एक टक्केवारीचा नियम चालला. कामाचा खर्च इमारतीच्या किमतीच्या ५० टक्क्यांवर गेला, तर अख्खी इमारत नव्या कोडप्रमाणे करायची. २५ ते ५० टक्क्यांमध्ये असला, तर किती भाग नव्या नियमात बसवायचा हे अधिकाऱ्यानं ठरवायचं. २५ टक्क्यांच्या आत असला, तर होतं तसं दुरुस्त करायला मोकळीक. कागदावर हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात कमी किमतीच्या जुन्या घरालाच हा नियम आधी गाठायचा, कारण घर स्वस्त असलं की तेवढ्याच खर्चाची टक्केवारी फुगते. ज्यांना दुरुस्तीची सर्वांत जास्त गरज, त्यांच्याच डोक्यावर सर्वांत मोठा बोजा. मग काम तुकड्या-तुकड्यांनी करा, खर्च कमी दाखवा किंवा परमिटच काढू नका, या पळवाटा आल्याच. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून मॉडेल कोडमधून, म्हणजे राज्यांनी आणि गावांनी स्वीकारावा म्हणून लिहिलेल्या नमुना कोडमधून, हा नियम मागे पडत गेला, पण त्याची जागा घेईल असं स्पष्ट काही बराच काळ आलं नाही.

न्यू जर्सीनं १९९८ साली पैशाचं माप बाजूला ठेवून कामाचं माप धरलं. दुरुस्ती, नूतनीकरण, फेरबदल, पुनर्बांधणी अशा पायऱ्या पाडल्या आणि ज्या भागाला हात लावाल त्याचीच जबाबदारी घ्या, असं सांगितलं. २००३मध्ये अस्तित्वातल्या इमारतींसाठी स्वतंत्र मॉडेल कोड निघाला, तोही याच दिशेचा. एक-दोन कुटुंबांच्या घरांसाठीचा २०००चा मॉडेल कोड वेगळा. बाथरूमवाल्यांचं घोडं अडतं ते त्याच्या सवलतींच्या यादीत.

रंग, टाइल, कपाटं, ओटा यांना परमिट लागत नाही. गळती थांबवणं, तुंबलेली नळी मोकळी करणं, कमोड काढून पुन्हा बसवणं हेही मोकळं, पण व्हॉल्व्ह किंवा पाइप बदलायचा वा हलवायचा नसेल तरच. आणि गळतीच्या सवलतीला जोडूनच एक अट: भिंतीत किंवा जमिनीत झाकलेला ट्रॅप, ड्रेन वा व्हेंट खराब झाला म्हणून काढून नवा घालावा लागला, तर ते 'नवं काम' धरायचं आणि परमिट घ्यायचं. म्हणजे गळती तीच. ती सांध्याशी थांबवली तर दुरुस्ती, सडलेला तुकडा बदलला तर नवं काम. झाकलं जाणारं काम आधी कुणीतरी पाहिलेलं असावं, हा त्यामागचा हेतू रास्त आहे.

पण मग टाइलला सवलत का? शॉवरमध्ये टाइलखालचं जलरोधक अस्तर हेच बाथरूमचं सर्वांत नाजूक अंग. तोच कोड सांगतो की हे अस्तर झाकण्याआधी त्यात किमान २ इंच पाणी भरून १५ मिनिटं ठेवा आणि गळतं का पाहा. २००६च्या आवृत्तीनं तर शॉवरच्या टाइलमागे हिरवा जिप्सम बोर्ड (ओलावा सोसणारा म्हणून वापरला जाणारा भिंतीचा तक्ता) वापरणंही बंद केलं. इतके बारीक नियम असलेल्या जागेवर 'टाइलला परमिट नको' असं लिहिलं की लोक वरचा थर आणि खालचा थर एकच धरतात, आणि चाचणी बघायला कुणी येतच नाही. ही सवलत शॉवरपुरती तरी काढायला हवी होती.

विजेच्या बाजूनं इतका घोळ नाही. जमिनीकडे चार ते सहा मिलिअँपिअर करंट गळाला तरी वीज तोडणारं संरक्षण बाथरूमच्या सॉकेटला १९७५ साली आलं आणि १९९६मध्ये बाथरूमसाठी २० अँपिअरचं सर्किट. पाण्याचा नियम बांधकाम कोडबाहेरून, संघराज्याच्या कायद्यातून आला. १९९४पासून घरगुती कमोडला एका फ्लशला १.६ गॅलन, म्हणजे सुमारे ६ लिटरची मर्यादा आहे. जुना कमोड वापरात ठेवायला तो कायदा आड येत नाही, पण नवा घ्यायचा तर तो या मर्यादेतलाच मिळतो.

टक्केवारी गेली तरी तिची सावली एका ठिकाणी उरली आहे. परमिट लागेल असं फेरबदलाचं काम घरात निघालं, तर झोपण्याच्या खोल्यांसह घरभर नव्या घरासारखे धुराचे अलार्म हवेत, असं कोड म्हणतो. निव्वळ प्लंबिंगच्या कामाला यातून सूट आहे. त्यामुळे फक्त ड्रेनचं परमिट घेणारा सुटतो आणि भिंत सरकवून बाथरूम मोठं करणाऱ्याला बेडरूममध्येही अलार्म बसवावे लागतात. त्यात राज्यं आणि गावं हा कोड आपापल्या दुरुस्त्यांसह आणि वेगवेगळ्या वर्षांच्या आवृत्तीत स्वीकारतात, त्यामुळे शेजारच्या गावात ऐकलेलं उत्तर इथे लागू पडेलच असं नाही.