टी पेशी ग्राही

टी पेशीच्या, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशीच्या, पृष्ठभागावरील, परका प्रतिजन (जंतूचा ओळखता येणारा पदार्थ) ओळखणारे प्रथिन. प्रतिपिंड, म्हणजे जंतूला धरणारे रक्तातले प्रथिन, अख्ख्या विषाणूला जाऊन चिकटते. या ग्राहीला ते जमत नाही. त्याला प्रतिजनाचा बारीकसा तुकडा लागतो, तोही शरीराच्याच एमएचसी (पेशीवर असे तुकडे मांडून दाखवणाऱ्या) प्रथिनाच्या खाचेत बसलेला. बेळगाव-खानापूरच्या भातपट्ट्यात सांगायचे तर ही शितावरून भाताची परीक्षा. मात्र शीत घरच्याच ताटात वाढलेले हवे. झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियात उंदरांवर हेच दाखवले: विषाणू तोच, पण बाधित पेशी वेगळ्या एमएचसीच्या उंदराच्या असल्या, तर टी पेशी त्यांना मारीनात. १९९६ चे नोबेल त्यांना मिळाले.

टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोत आज लोक सकाळी फिरायला जातात. बेळगावात एकेकाळी देवीची लस तयार होत असे, हे त्या नावावरूनच काय ते आठवते. देवी टोचलेल्या माणसाच्या दंडावर गोल वण असतो. लशीतला जिवंत विषाणू कातडीच्या पेशींत शिरे. पेशी त्याच्या प्रथिनांचे साधारण ८ ते १० अमिनो आम्लांचे तुकडे पहिल्या वर्गाच्या एमएचसीवर मांडत आणि सीडी८ (हे खुणेचे प्रथिन असलेल्या) टी पेशी अशा पेशींना मारत. दुसऱ्या वर्गावरचे लांब तुकडे सीडी४ पेशी ओळखत. प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशींना मदत त्यांची.

ग्राहीच्या बहुतेक रेणूंत अल्फा आणि बीटा अशा दोन साखळ्या असतात. पेशीच्या आतली त्यांची शेपटी फारच आखूड, म्हणून संदेश आत नेण्याचे काम सोबतची सीडी३ प्रथिने करतात. जनुकांचे तुकडे उलटसुलट जुळून प्रत्येक पेशीला निराळा ग्राही मिळतो. हा सगळा नशिबाचा खेळ, त्यामुळे यौवनलोपी ग्रंथीत (थायमसमध्ये, जिथे टी पेशी तयार होतात) छाननी कडक असते: घरचे ताट, म्हणजे स्वतःचे एमएचसी, न ओळखणाऱ्या पेशी मरतात, घरच्याच प्रथिनांना घट्ट धरणाऱ्याही बहुतेक बाद होतात.

या पेशींची आठवण उघड्या डोळ्यांनी पाहायची तर मांटू चाचणी. क्षयजंतूंच्या प्रथिनांचा थेंब हाताच्या कातडीत टोचतात. आधी ओळख झालेल्या टी पेशी तिथे जमायला वेळ घेतात, म्हणून ४८ ते ७२ तासांनी परत बोलावतात. घरचे लोक लाली बघून घाबरतात. तपासणारा लालीकडे बघतही नाही. बोटाने चाचपून कडक गाठीची कड शोधतो आणि तेवढीच मिलिमीटरमध्ये मोजतो.