सत्तर अक्षरांचा हिशेब

इंग्रजी एसएमएसमध्ये 160 अक्षरं बसतात. मराठीत सत्तरी ओलांडली की एकाचे दोन मेसेज. 'आपली अक्षरंच जड, जागा खातात', हे स्पष्टीकरण चांगली शिकलेली माणसंही देतात. अक्षराला वजन नसतं हो, क्रमांक असतो.

एका एसएमएसला मिळतात 140 बाइट, म्हणजे 1120 बिट. बिट म्हणजे 0 किंवा 1. सात बिटांच्या 128 जुळण्या होतात; इंग्रजीची लहान-मोठी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं त्यात मावतात. 1120 भागिले 7, झाले 160. जगभरच्या लिपींतल्या अक्षरांना क्रमांक देणारं मानक म्हणजे युनिकोड. त्यात देवनागरीचे क्रमांकच 2304 पासून सुरू होतात. ते सात बिटांत कुठले मावायला? मग फोन सहसा अख्खा मेसेज 16 बिटांच्या खणांत मांडतो. 1120 भागिले 16, सत्तर. इंग्रजी मजकुरात एकच 'ळ' आला तरी हीच गत.

खरी गंमत पुढे आहे. 'क'चा क्रमांक 2325, म्हणजे 2048 + 256 + 16 + 4 + 1. दोनाचा जो घात लागला तिथे 1, बाकी ठिकाणी 0: 0000100100010101. 'ख' 2326, 'ग' 2327. वर्णमाला जवळपास शाळेतलीच. आता उजवीकडून आठवा बिट 0 चा 1 करा. 128 वाढले, 2453 झाले, आणि हा चक्क बंगाली 'क'! त्यात 256 मिळवा (हातचा विसरू नका), 2709, गुजराती 'क'. ही आखणी 1988 च्या 'इस्की' या भारतीय मानकावरून आली. ब्राह्मीच्या या लेकींना सांगाडा एकच, घरं 128-128 च्या अंतरावर.

यावरून 'देवनागरी हीच संगणकाची नैसर्गिक लिपी' असला फॉरवर्ड कृपया कुणी काढू नये. यंत्राला 'क' कळत नाही आणि इंग्रजी 'ए'ही कळत नाही. क्रमांक माणसांनी बसून वाटलेत, थाईला आणि अरबीलाही.

मोजताना माणूस फसतो तो जोडाक्षरांत. 'स्त्री' डोळ्यांना एक अक्षर. फोनच्या लेखी स, हलन्त, त, हलन्त, र आणि दुसरी वेलांटी. सहा खण, 96 बिट! आणि एकाहत्तरावा खण लागला, तर मेसेजचे तुकडे होतात. कितवा तुकडा कुठे जोडायचा, ही नोंद प्रत्येक तुकड्यात सहसा 6 बाइट घेते. म्हणजे त्यात उरतात 67 खण.