ट्रॅक्टरचा हुक किती उंचीवर हवा?

मामांचं शेत शहापूरच्या पुढे किन्हवलीकडे आहे. भाताची खाचरं आणि वरच्या अंगाला थोडा माळ. त्यांनी सेकंडहँड मिनी ट्रॅक्टर घेतला तो रोटावेटर आणि चिखलणीसाठी, पण दारात ट्रॅक्टर आला की ट्रॉली पण लागतेच, मग एका वेल्डिंगवाल्याकडून हुक मारून घेतला. तो बसवला टॉप लिंकच्या ब्रॅकेटला, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे वरच्या अंगाला अवजाराचा वरचा दांडा जोडतात तिथे, कारण तिथे आयतं भोक होतं आणि पिन घालायला वाकावं लागत नव्हतं.

मे महिन्यात शेणखत भरलेली ट्रॉली माळावर चढवत होतो, मी बाजूने चालत होतो. मामांनी स्टेअरिंग वळवलं, पुढची चाकं वळली, पण ट्रॅक्टर वळलाच नाही, टायर आडवे घासत सरळच चालला, आणि दुसऱ्या क्षणाला पुढची चाकं जमिनीपासून वीतभर वर. मामांनी क्लच-ब्रेक दोन्ही दाबले म्हणून ती परत खाली आदळली. कोणाला काही झालं नाही. नंतर मागे जाऊन बघितलं तर फुफाट्यात मागच्या टायरची नक्षी खोल उमटलेली, आणि पुढच्या टायरची शेवटच्या चार-पाच फुटांत नुसती पुसट रेघ. म्हणजे चाकं उचलायच्या आधीच त्यांच्यावरचं वजन गेलेलं होतं, ट्रॅक्टर आपल्याला सांगत होता आणि आपण बघत नव्हतो.

मामा म्हणाले, "हुक चांगला मजबूत आहे रे, तुटला नाही बघ." खरंय, तुटला नाही. पण इथे प्रश्न मजबुतीचा नव्हताच, प्रश्न उंचीचा होता.

पहारीने दगड उचलताना आपण काय करतो? पहारीखाली टेकू देतो आणि लांब टोकावर जोर देतो. ट्रॅक्टरचं पण तेच आहे, टेकू म्हणजे मागचं चाक जिथे जमिनीला टेकतं ती जागा. ट्रॉली मागे ओढते, ती ओढ जमिनीपासून जितकी उंच तितकी ही पहार लांब, आणि तेवढं पुढचं तोंड वर यायला बघतं. त्याला खाली धरून ठेवतं ते फक्त पुढच्या एक्सलवरचं वजन.

आकडे घालून बघू. समजा ट्रॅक्टर 800 किलोचा, त्यातले 320 किलो पुढच्या चाकांवर, आणि पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर दीड मीटर. ट्रॉली 400 किलोच्या जोराने मागे ओढतेय. हुक 30 सेंटीमीटरवर असेल तर पुढचं वजन कमी होतं 400 गुणिले 0.3 भागिले 1.5, म्हणजे 80 किलो. 240 उरले, मस्त, स्टेअरिंग चालतं. आता तोच हुक 80 सेंटीमीटरवर न्या, तर जातात 213 किलो आणि उरतात जेमतेम 107. आणि चाक खड्ड्यात अडकून ओढ 600 किलोवर गेली तर 80 सेंटीमीटरच्या हुकाने पूर्ण 320 किलो जातात, पुढे शून्य. 30 सेंटीमीटरच्या हुकाने तेवढ्याच ओढीला 120 किलो जातात, बस. हे सगळं सपाट जमिनीवरचं झालं, चढावर ट्रॅक्टरचं स्वतःचं वजनच मागे सरकतं, त्यामुळे पुढचे 320 मुळात 320 राहतच नाहीत.

वर ट्रॉलीची दांडी हुकावर जे वजन टाकते ते वेगळं. हुक मागच्या एक्सलपासून 60 सेंटीमीटर मागे असेल आणि दांडीचा भार 100 किलो असेल तर पुढचे अजून 40 किलो गेले. म्हणून हुक खाली पण हवा आणि एक्सलच्या जवळ पण हवा. खाली म्हणजे किती, तर मागच्या एक्सलच्या मध्यापेक्षा नक्कीच खाली, हा नियम तोंडपाठ करून ठेवा. मागे उलटायला लागलेला ट्रॅक्टर दीडएक सेकंदात चालवणाऱ्याच्या अंगावर येतो, तेवढ्यात माणूस विचार करू शकत नाही.

आता मला जी गोष्ट सगळ्यात भारी वाटते ती सांगतो. मागचे दोन खालचे हात आणि वरची टॉप लिंक, ही तीन टोकांची जोडणी हॅरी फर्ग्युसन नावाच्या आयरिश माणसाने डोकं लावून बनवली. पहिल्या महायुद्धात, 1917 मध्ये, त्यांना तिकडच्या शेती खात्याने ट्रॅक्टर नीट चालतायत का ते बघायचं काम दिलं होतं. तेव्हा नांगर साखळीने नाहीतर हुकाने मागे बांधून ओढायचे, आणि नांगर दगडाला अडकला की हलके ट्रॅक्टर मागच्या मागे उलटायचे, माणसं मरायची. फर्ग्युसननी नांगर ओढायचं बंद करून तो ट्रॅक्टरचाच भाग करून टाकला. 1926 मध्ये पेटंट मिळालं, 1938 मध्ये हेन्री फोर्ड यांच्याशी नुसतं हस्तांदोलन करून करार झाला आणि 1939 मध्ये फोर्डचा 9एन ट्रॅक्टर ही जोडणी घेऊन आला. आज मामांच्या मिनी ट्रॅक्टरपासून मोठ्या धुडापर्यंत सगळीकडे तीच.

यातली खुबी अशी की नांगर जमिनीत चालू असताना खालचे दोन हात ओढले जातात पण टॉप लिंक दाबली जाते. म्हणजे नांगराचं वरचं टोक टॉप लिंकमधून ट्रॅक्टरला पुढे ढकलत असतं आणि त्याने पुढची चाकं जमिनीवर दाबून राहतात. ज्या ब्रॅकेटने ट्रॅक्टरचं तोंड खाली धरायचं त्याच ब्रॅकेटला आपण ट्रॉली लावून मागे ओढत होतो, म्हणजे फर्ग्युसनचं काम बरोबर उलटं करत होतो.

मग नवीन हिच, म्हणजे ट्रॉली जोडायची फ्रेम, बनवायची ठरली. मी ठाण्यात मशीन मेंटेनन्सचं काम करतो, वागळे इस्टेटमध्ये ओळखीचा फॅब्रिकेशनवाला आहे, लोखंड कळंबोलीच्या बाजारातून आणलं. आधी मापं. या जोडणीच्या ठरलेल्या मापांचे गट असतात, त्यातल्या कॅटेगरी वन म्हणजे साधारण 20 ते 45 हॉर्सपॉवरवाल्यांना खालच्या पिना 22 मिलिमीटरच्या, वरची 19 ची आणि खालच्या दोन टोकांमधलं अंतर साधारण 68 सेंटीमीटर. पण मिनी ट्रॅक्टरमध्ये याहून अरुंद जोडणी पण येते, त्यामुळे छापील मापावर जाऊ नका, आपल्या ट्रॅक्टरला टेप लावा.

डिझाइन साधं, त्रिकोणी फ्रेम, खाली दोन पिना, वर टॉप लिंक, आणि मधून खाली उतरलेला एक पाय ज्याच्या टोकाला हुक. आडव्या पट्टीला 75 बाय 12 मिलिमीटरचा फ्लॅट (चपटी लोखंडी पट्टी) घेतला तो उभा लावला. वेल्डर आडवा लावायला निघाला होता, त्याला मी स्टीलची फूटपट्टी दिली, म्हटलं आडवी धरून वाकव, आता कडेवर उभी धरून वाकव. तो हसला आणि फ्लॅट उभा केला. तोच फ्लॅट, तेवढंच लोखंड, पण उभा लावल्यावर सहा पट ताकद आणि वाकायला तब्बल 39 पट कडक.

पिनेची चिंता लोक फार करतात. 22 मिलिमीटरची साध्या माइल्ड स्टीलची पिन एका जागी कातरायला साडेपाच टनांहूनही बराच जास्त जोर लागतो, मिनी ट्रॅक्टर तेवढा ओढूच शकत नाही. पिन तुटत नाही, वाकते, आणि वाकते कारण पट्टी आणि लिंकच्या मध्ये फट राहिलेली असते. फट वॉशरने भरा.

खरा त्रास झाला तो वेल्डिंगला. जुलै चालू, शेडच्या पत्र्यावर पाऊस धो धो, रॉडचा पुडा दोन दिवस उघडाच टेबलावर. आणि पिना आणलेल्या ईएन-8 च्या, म्हणजे 0.4 टक्क्याच्या आसपास कार्बनवालं स्टील. त्या थेट फ्लॅटला वेल्ड केल्या. दिसायला सुंदर, हातोडी मारली तर खणखणीत आवाज. दुसऱ्या दिवशी मी डाय टेस्ट केली, हे स्प्रेचे डबे मिळतात, आधी लाल रंग मारायचा, थोडं थांबून पुसून टाकायचा आणि मग पांढरी पावडर मारायची. पांढऱ्यावर वेल्डच्या कडेने हळूहळू एक केसासारखी लाल रेघ उमटत गेली, नखाएवढी, मग बोटाच्या पेराएवढी. तडा.

कारण दमट हवा. रॉडच्या लेपाने ओल शोषली की आर्कच्या उष्णतेत पाणी फुटतं आणि हायड्रोजन सुटतो. तो इतका बारीक असतो की तापलेल्या लोखंडात सहज शिरतो आणि गार होताना आत अडकतो. कार्बन जास्त असेल तर वेल्डच्या शेजारचा पट्टा पटकन गार होऊन काचेसारखा कडक होतो, तिथे हा हायड्रोजन जमतो आणि काही तासांनी, कधी दीड-दोन दिवसांनी तडा जातो. म्हणून वेल्ड झाल्या झाल्या तपासून उपयोग नाही. 7018 चे, म्हणजे कमी हायड्रोजनवाले, रॉड 300 ते 350 डिग्रीला भट्टीत वाळवून मग गरम डब्यातून एकेक काढून वापरायचे असतात, कोकणच्या पावसात तर हे सोडूच नये.

आम्ही पिना कापून काढल्या आणि फ्लॅटला भोक पाडून आट्याच्या पिना नटने आवळल्या, अवजारांना कंपनीतून येतात तशाच. पिनेला वेल्डिंग नकोच. बाकीचे सांधे माइल्ड स्टीलचेच होते, ते वाळवलेल्या रॉडने परत केले आणि दोन दिवस थांबून डाय टेस्ट केली. पांढरं पांढरंच राहिलं.

एक गोष्ट राहिलीच असती. ट्रॅक्टरची लिफ्ट हायड्रॉलिकने वर उचलते, पण खाली येते ती नुसत्या वजनाने. म्हणजे खालच्या हातांना वर जायला कोणी अडवत नाही, आणि चुकून लिव्हरला हात लागला की 30 सेंटीमीटरचा हुक 60 वर जाऊन बसतो, एवढं सगळं गणित पाण्यात. म्हणून फ्रेमपासून ट्रॅक्टरच्या पक्क्या बॉडीपर्यंत दोन तिरके स्टे, म्हणजे आधाराचे दांडे, बोल्टने लावले, ते असताना फ्रेम वर जाऊच शकत नाही, आणि दोन्ही बाजूच्या चेक चेन आवळल्या म्हणजे ट्रॉली हातांना डावी-उजवीकडे झोकांड्या देत नाही. स्टे असताना लिव्हर ओढली तर लिफ्टवर ताण येतो, म्हणून मामांनी लिव्हर खाली करून तारेने बांधून टाकली.

दिवाळीनंतर झोडणी झाली, पेंढ्याची ट्रॉली त्याच चढावर नेली. मामा हळू, पहिल्या गिअरमध्ये. मी या वेळी ट्रॅक्टरकडे बघतच नव्हतो, मागे वाकून मातीत बघत चाललो होतो. पुढच्या टायरच्या रेघा चढाच्या टोकापर्यंत सलग, कडा उठून दिसतायत. वर पोचल्यावर मामांनी विचारलं, "काय हरवलं का रे?"