पोथीतलं सोनं ओतलेलं नसतं

‘जुन्या पोथ्यांत वितळलेलं सोनं ओतून अक्षरं काढत’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. पण सोनं वितळतं १०६४ अंश सेल्सिअसला; कागद त्याच्या कितीतरी आधी जळून जाईल.

खरी रीत थंड आहे. सोन्याचा वर्ख डिंकाच्या पाण्यात बोटाने खूप वेळ खलायचा, पाण्याने धुवायचा, तळाशी बसलेली पूड थोड्या डिंकात कालवून कुंचल्याने लावायची. आधी ती मातकटच दिसते. वाळल्यावर अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटली की झळाळते. डिंक जास्त झाला तर चकाकी येत नाही. कमी पडला तर घोटतानाच सोनं सुटतं.

मुंबईत काळा घोड्याजवळच्या संग्रहालयात सचित्र पोथी मांडलेली असेल तर काचेसमोर डावी-उजवीकडे सरकून पाहा. घोटलेलं सोनं एका कोनातून लखलखतं, दुसऱ्यातून काळपट दिसतं. झिजल्या जागी कागद करपल्याची खूण नसते.