कमी तास चाललेलं इंजिन म्हणजे नवंकोरं? खुलासा

जुनं सेस्ना १७२ हे छोटं विमान घ्यायला निघालेल्या गोंयकाराला हमखास ऐकवतात, ‘इंजिन फारसं चाललेलंच नाही, नव्यासारखं आहे!’ साफ चूक. या विमानात बहुधा असणाऱ्या लायकॉमिंग कंपनीच्या इंजिनात कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) वरच्या बाजूला असतो. विमान महिनोन्महिने उभं राहिलं की त्यावरचं तेल निथळतं आणि पोलादाला गंज धरून खड्डे पडतात. दाबोळीच्या खाऱ्या हवेत तर विचारूच नका. इथे खिडकीचे गज टिकत नाहीत. पुढे ते खड्डे टॅपेट (दांड्याला टेकून झडप ढकलणारा भाग) खरवडतात, धातूचा कीस ऑइल फिल्टरमध्ये उतरतो. म्हणूनच कंपनी तासांबरोबर ओव्हरहॉलची (इंजिन पूर्ण उघडून दुरुस्त करण्याची) १२ वर्षांचीही मर्यादा सांगते. अधूनमधून जमिनीवरच इंजिन फिरवणं तर उलट बाधतं: तेल पुरेसं तापत नाही, ओल आतच राहते. नव्या जीपीएसचे पैसे मोजण्याआधी फिल्टर कापून त्यात कीस आहे का ते बघा.