कुत्र्यांतील खाज व अन्नाची अधिहर्षता

कुत्र्याच्या आहारातील एखाद्या घटकाला, बहुधा प्रथिनाला, त्याची प्रतिरक्षा यंत्रणा विपरीत प्रतिसाद देऊ लागते आणि त्यातून त्वचेला सतत खाज सुटते. या विकाराला अन्नाची अधिहर्षता (ॲलर्जी) म्हणतात. खाज बारमाही असते, ऋतूनुसार कमीजास्त होत नाही. पंजे, कानाची आतील बाजू, काखा, जांघा व गुदद्वाराभोवतीचा भाग या तिच्या ठरलेल्या जागा होत. काही कुत्र्यांना सोबत पातळ शौच, दिवसातून अनेकदा शौच किंवा पोटात वायू होणे असा त्रासही असतो. विकार एक वर्षाच्या आतल्या पिल्लात दिसतो, तसा उतारवयातही प्रथमच उद्भवतो. अन्न बदलल्यामुळेच खाज सुरू झाली अशी पालकांची समजूत असते. प्रत्यक्षात दोषी अन्न बहुतेक वेळा महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे बिनतक्रार खाल्लेले असते. ‘हे तर तो लहानपणापासून खातोय’ हे वाक्य म्हणूनच त्या अन्नाच्या निर्दोषपणाचा पुरावा ठरत नाही.

प्रमाण : २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका समीक्षेनुसार पशुवैद्यांकडे कोणत्याही कारणाने आणलेल्या कुत्र्यांत हा विकार सुमारे १ ते २ टक्के आढळतो, केवळ खाजेसाठी आणलेल्यांत मात्र निरनिराळ्या पाहण्यांत तो ९ ते ४० टक्के आहे. एवढी तफावत रुग्णांची निवड आणि निदानाचे निकष वेगवेगळे असल्यामुळे पडते.

संज्ञा व इतिहास : ‘ॲलर्जी’ ही संज्ञा व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फोन पिर्के यांनी १९०६ मध्ये सुचविली. या विषयाचा कुत्र्यांशी संबंध त्याहून चार वर्षे जुना आहे. शार्ल रीशे व पॉल पोर्त्ये या फ्रेंच शास्त्रज्ञांनी समुद्रपुष्प या सागरी प्राण्याचे विष कुत्र्यांना टोचून पाहिले. नेपच्यून नावाच्या धडधाकट कुत्र्याने पहिली मात्रा सहज पचविली. २२ दिवसांनी तेवढीच मात्रा दिल्यावर तो २५ मिनिटांत दगावला. विषाची सवय होऊन संरक्षण मिळण्याऐवजी उलटेच घडले, म्हणून या प्रतिक्रियेला १९०२ मध्ये ‘ॲनाफिलॅक्सिस’ (संरक्षणाच्या उलट) हे नाव मिळाले आणि रीशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक. अधिहर्षतेच्या शास्त्राचा एक पाया ज्या प्राण्यांवरील प्रयोगांतून घातला गेला, त्यांच्या स्वतःच्या खाजेकडे लक्ष जायला पुढे काही दशके लागली, हे येथे नमूद करणे अगत्याचे वाटते.

कुत्र्यातील अन्नजन्य त्वचाविकाराचे पहिले वर्णन कोणाचे, यावर एकमत नाही. १९३० च्या दशकात तुरळक टिपणे आढळतात. पण त्यांतील काही रुग्णांचा विकार पिसवांचा किंवा खरजेचा नव्हताच, असे आज खात्रीने म्हणता येत नाही. एफ. डब्ल्यू. विटिच यांनी १९४१ मध्ये कुत्र्यातील उत्स्फूर्त अधिहर्षतेचे वर्णन केले. ते बरेचदा प्रारंभबिंदू म्हणून दिले जाते, मात्र त्यांचा कुत्रा परागकणांना प्रतिसाद देणारा होता, अन्नाला नव्हे. अन्नापुरते पाहिले तर जी. एस. वॉल्टन यांनी १९६७ मध्ये मांडलेला कुत्रे व मांजरे मिळून शंभर सिद्ध रुग्णांचा अहवाल अधिक भक्कम पाया ठरतो. अधिहर्षतेत भाग घेणाऱ्या आयजीई या प्रतिपिंडाचा शोध १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात लागला. त्यामुळे वॉल्टन यांच्यापूर्वीच्या लिखाणात ‘अधिहर्षता’ हा शब्द आजच्या अर्थाने वाचू नये.

संज्ञेचा दुसरा वाद अजून चालू आहे. अन्नाने त्रास होणे म्हणजे प्रत्येक वेळी प्रतिरक्षा यंत्रणेचाच दोष असे नाही. दुधातील शर्करा न पचणे ही नुसती असह्यता होय. रुग्णाच्या त्वचेकडे पाहून हा भेद करता येत नाही. म्हणून ‘त्वचेची प्रतिकूल अन्नप्रतिक्रिया’ हे व्यापक नाव अनेक तज्ज्ञ पसंत करतात. त्याच्याशी निगडित प्रश्न असा : अन्नाची अधिहर्षता व अटोपिक त्वचाशोथ (घरातील धुळीतले माइट नावाचे सूक्ष्म जीव, परागकण इत्यादींमुळे होणारा आनुवंशिक प्रवृत्तीचा विकार) हे दोन स्वतंत्र रोग मानावेत, की अन्न हे अटोपिक त्वचाशोथ भडकविणाऱ्या कारणांपैकी एक मानावे? बाह्य लक्षणे इतकी सारखी असतात की दुसरे मत व्यवहाराला अधिक जुळते. २०१० मध्ये क्लॉड फाव्रो व सहकाऱ्यांनी मांडलेले निकष (सुरुवात तीन वर्षांच्या आत, वास्तव्य मुख्यतः घरात, स्टिरॉइडने खाज कमी होणे, वारंवार यीस्टचा संसर्ग, पुढचे पंजे व कानाच्या पाळ्या बाधित, पाळ्यांच्या कडा आणि कमरेचा वरचा भाग मात्र मोकळा) अधिहर्ष कुत्रा ओळखायला उपयोगी पडतात, पण त्याला खाज अन्नाने सुटते की धुळीने, हे त्यांवरून ठरत नाही.

आधी वगळावयाची कारणे : भारतासारख्या उष्ण देशात खाजऱ्या कुत्र्याच्या बाबतीत पहिला संशय अन्नावर नव्हे, परजीवींवर घ्यावा. पिसवा दिसत नाहीत म्हणून नाहीत असे होत नाही. बारीक दातांच्या फणीने कमरेवरचे केस विंचरावेत, निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवावेत. कणाभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त होय. शेपटीच्या मुळाशी व कमरेवर खाज असेल तर हीच शक्यता मोठी. लूत म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रोगांपैकी सार्कोप्टीस माइटमुळे होणारी खरूज कानाच्या कडा, पायांची कोपरे व घोट्यांपासून सुरू होते. कानाची कड बोटांत धरून चोळली की कुत्रा मागचा पाय आपोआप हलवू लागतो, ही तिची चांगली खूण आहे. त्वचा खरवडून घेतलेल्या नमुन्यात हे माइट अनेकदा सापडत नाहीत. माइट मारणाऱ्या आयसोऑक्साझोलिन गटातील गोळ्या २०१३–१४ पासून उपलब्ध झाल्यावर माइट शोधत बसण्यापेक्षा उपचार करून पाहणे सोपे झाले. लूत लागलेल्या कुत्र्याला जळके इंजिन ऑइल, रॉकेल किंवा कापराचे तेल चोळण्याची रीत अजून दिसते. ती घातक आहे : त्वचा भाजते आणि चाटल्यावर विष पोटात जाते.

दुसरी पायरी दुय्यम संसर्गाची. खाजवलेल्या त्वचेवर स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस हा जीवाणू व मॅलासेझिया हे यीस्ट माजते. कानाला आंबूस वास येतो, कातडी जाड व काळपट होते, फिकट रंगाच्या कुत्र्याच्या बोटांमधले केस सतत चाटल्याने लाळेमुळे गंजासारखे तांबडे दिसतात. हा संसर्ग स्वतःही खाज आणतो. तो आटोक्यात न आणता केलेल्या, पुढे वर्णिलेल्या आहारचाचणीचा निष्कर्ष विश्वसनीय नसतो.

वर्जन आहारचाचणी : निदानाची भरवशाची पद्धत ही एकच. कुत्र्याने पूर्वी कधीही न खाल्लेले एक प्रथिन व एक पिष्टमय पदार्थ, किंवा जलविघटित (प्रथिनांचे अतिसूक्ष्म तुकडे केलेला) तयार आहार द्यावयाचा आणि त्यापलीकडे पाण्याशिवाय काहीही नाही. पूर्वी तीन आठवडे पुरेसे मानत. एडमंड रॉसर यांनी १९९३ मध्ये ५१ कुत्र्यांत दाखविले की तेवढ्या मुदतीत सुमारे चतुर्थांशच सुधारतात, काहींना दहा आठवडे लागतात. टिएरी ऑलिव्री व सहकाऱ्यांच्या २०१५ मधील विश्लेषणानुसार पाच आठवड्यांत ८० टक्क्यांहून अधिक व आठ आठवड्यांत ९० टक्क्यांहून अधिक कुत्र्यांत गुण दिसतो. त्यामुळे आठ आठवडे हीच मुदत धरावी.

खाज थांबली म्हणजे निदान झाले असेही नाही, कारण त्याच सुमारास हवामान पालटलेले असू शकते. जुना आहार पुन्हा सुरू करून खाज परतते का, हे पाहावेच लागते. परतलीच तर बहुतेकांत दोन आठवड्यांच्या आत परतते. बऱ्या झालेल्या जनावराला मुद्दाम त्रास देणे पालकांच्या जिवावर येते व ही पायरी गाळली जाते. मग कुत्रा जन्मभर विनाकारण पथ्यावर राहतो. प्रतिक्रियेनंतर एकेक पदार्थ सुमारे दोन आठवडे देऊन नेमका दोषी शोधता येतो.

रक्त, लाळ वा केस तपासून ‘५० पदार्थांची यादी’ देणाऱ्या चाचण्या मोहात पाडतात. रक्तातील प्रतिपिंडांचा व प्रत्यक्ष खाजेचा मेळ बसत नाही, असेच तुलनात्मक अभ्यास सांगतात. २०१९ मधील एका अभ्यासात लाळ-केस चाचणीसाठी कृत्रिम केस व सलाइन पाठविले गेले असता त्यांनाही ‘अधिहर्षता’ निघाली. अशा यादीवरून कुत्र्याचे अन्न तोडू नये.

दोषी पदार्थ : राल्फ म्यूलर, ऑलिव्री व पास्काल प्रेलो यांच्या २०१६ मधील संकलनात (२९७ कुत्रे) गोमांस ३४, दुग्धजन्य पदार्थ १७, कोंबडी १५ व गहू १३ टक्के असा क्रम लागतो. हे आकडे मुख्यतः पाश्चात्त्य आहाराचे आहेत. जे अधिक खाल्ले जाते तेच यादीत वर येते. महाराष्ट्रातील कुत्रा दूध-पोळी, दहीभात, अंडी, उकडलेली कोंबडी व चहाबरोबरची बिस्किटे यांवर वाढतो, तेव्हा येथे दूध, कोंबडी व गहू यांच्याकडे आधी पाहणे सयुक्तिक ठरते. धान्यविरहित महाग खाद्य आणून प्रश्न सुटेलच असे नाही, कारण त्यात बहुधा कोंबडी असतेच.

पर्यायी प्रथिन त्या कुत्र्याच्या इतिहासावरून ठरते. देशावरच्या ज्या घरात मासे शिजत नाहीत, तेथे मासे व रताळे चालतील. कोकणात सुकटीच्या वासावर वाढलेल्या कुत्र्याला ते निरुपयोगी. गोमांस, मेंढीचे मांस व गाईचे दूध यांत प्रतिरक्षात्मक साधर्म्य आढळले आहे (एकाला विपरीत प्रतिसाद देणारी प्रतिरक्षा यंत्रणा दुसऱ्यालाही तो देऊ शकते), त्यामुळे दुधावर वाढलेल्या कुत्र्यासाठी मटण ही पहिली निवड नसावी. कोंबडी व मासे यांतही असे साधर्म्य प्रयोगशाळेत दिसते, मात्र त्याला व्यवहारात किती महत्त्व द्यावे हे ठरलेले नाही. घरी शिजवताना कांदा व लसूण पूर्ण वर्ज्य, कारण दोन्ही कुत्र्याच्या तांबड्या पेशींचा नाश करतात. वाढत्या पिल्लासाठी घरचा एकांगी आहार कॅल्शियमअभावी धोक्याचा. तेथे जलविघटित आहारच बरा.

चाचणी फसते ती स्वयंपाकघरात. आजोबांनी टेबलाखालून दिलेला पोळीचा तुकडा, लेकराच्या हातून सांडलेले दूध, चिकनच्या स्वादाची जंताची गोळी, प्राणिज जिलेटिनची कॅप्सूल यांपैकी एकानेही आठवड्यांची मेहनत वाया जाते. घरातल्या प्रत्येकाला, कामाला येणाऱ्या मावशींना आणि इमारतीच्या वॉचमनलाही कल्पना द्यावी लागते.

खाजेचे नियंत्रण : चाचणी चालू असताना कुत्र्याला तळमळत ठेवण्याचे कारण नाही. प्रेडनिसोलोन (स्टिरॉइड) वा ओक्लासिटिनिब (अमेरिकेत मान्यता २०१३) हे खाज शमविणारे औषध सुरुवातीचे काही आठवडे देऊन मग थांबवितात, म्हणजे उरलेल्या मुदतीत आहाराचा परिणाम स्वच्छ दिसतो. लोकिव्हेटमॅब हे इंजेक्शन खाजेचा संदेश नेणाऱ्या इंटरल्यूकिन-३१ या प्रथिनाला निष्प्रभ करते; त्याचा प्रभाव चार ते आठ आठवडे टिकत असल्याने चाचणीत त्याची वेळ जपून निवडावी. माणसांच्या खाजेवरील सेट्रिझिनसारख्या गोळ्यांचा कुत्र्यांत उपयोग अल्प. क्लोरहेक्झिडिनयुक्त शाम्पू आठवड्यातून एकदोनदा लावून दहा मिनिटे अंगावर ठेवावा व मग धुवावा. लगेच धुतल्यास औषध कामच करीत नाही. कुत्र्याच्या त्वचेचा सामू माणसाच्या त्वचेपेक्षा कमी आम्लधर्मी असल्याने घरातला अंगाचा साबण वापरू नये.

दोषी पदार्थ निश्चित झाल्यावर तो कायमचा टाळणे हाच उपचार. अटोपिक त्वचाशोथही सोबत असेल तर आहार सांभाळूनही काही खाज उरते आणि तिच्यासाठी औषध चालू ठेवावे लागते.