जुन्या सायकलला फिक्स गिअर: कमी पैशात काय होतं आणि काय करू नये

ग्राहकांसाठी माहितीपत्रक, जळगाव

फिक्स गिअरची सायकल म्हणजे फ्रीव्हील (पाय थांबले तरी चाक मोकळं फिरू देणारी मागची दातेरी चकती) नसलेली सायकल. मागचं चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच. पाय थांबवून नुसतं घरंगळत जाता येत नाही, आणि पायडलवर उलटा जोर दिला की वेग उतरतो. फरक एवढाच, पण त्यामुळे सायकलच्या काही भागांवर असा ताण येतो जो त्यांच्यावर आधी कधी आलेलाच नसतो. दुकानात येणारी पोरं मात्र पहिल्यांदा विचारतात, "काका, पिवळी रिम मिळेल का?" मिळेल, रंगही मारून देऊ. आधी हबचं, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याचं बोलू.

आजोबांची काळी सायकल चालेल का?

चालेल, आणि बहुतेक वेळा महागड्या सायकलीपेक्षा बरी चालेल. जुन्या २८ इंची सायकलला मागचं चाक बसायच्या फटी मागच्या बाजूने उघड्या असतात. ॲक्सल पुढेमागे सरकवून चेन ताणता येते, ओढून धरायला चेन ॲडजस्टर आधीच असतो. फिक्सला नेमकं हेच लागतं. गिअरच्या बऱ्याच सायकलींना मागची खाच उभी असते, तिथे चेन ताणायला जागाच नाही. स्प्रिंगचा टेन्शनर लावून द्या असं कोणी म्हणतं, पण पहिल्याच उलट्या जोराला तो वाकतो किंवा तुटतो. अशी सायकल आम्ही फिक्सला घेत नाही.

ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना जून २०२०मध्ये बंद झाला म्हणून घरातली ॲटलास भंगारात घालू नका. काळ्या सायकलींचे बरेचसे सुटे भाग एकमेकींना लागतात आणि लुधियानाहून आजही येतात. फक्त बीबीजवळचा (पायडलचा आस जिथे फिरतो तिथला) आणि पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या मानेजवळचा सांधा उजेडात नीट बघा. तिथे चीर असेल तर त्या फ्रेमवर एक रुपयाही घालू नका. रंग मारून आणलेली सायकल आम्हाला दाखवू नका, जशी आहे तशीच आणा.

पैसे घालायचे ते हबमध्ये

साध्या हबवर फ्रीव्हील आट्यांवर फिरवून बसवलेलं असतं. पुढे पायडल मारलं की ते आणखी घट्ट होतं. उलटा जोर त्याच्यावर कधी येतच नाही, कारण आतली कुत्री (दातांत अडकणारे छोटे खटके) सुटून ते मोकळं फिरतं. म्हणून एकाच दिशेचे आटे पुरतात. आता फ्रीव्हीलच्या जागी घट्ट कॉग (मोकळी न फिरणारी दातेरी चकती) बसवला आणि पायाने मागे रेटलं, तर तो हळूहळू उलगडून बाहेर येणार. खऱ्या फिक्स हबला यासाठी दोन पायऱ्या असतात: मोठ्या पायरीवर सुलटे आटे, त्यावर कॉग; बाहेरच्या लहान पायरीवर उलटे आटे, त्यावर लॉकरिंग, म्हणजे कॉगला अडवून धरणारी कडी. कॉग सुटायला गेला की लॉकरिंग आवळली जाते.

गावोगाव चालणारा स्वस्त उपाय म्हणजे फ्रीव्हील वेल्डिंगने जाम करणं. गॅरेजवाला पाच मिनिटांत करून देतो. पण जाम झालेलं फ्रीव्हीलही त्याच एकेरी आट्यांवर बसलेलं असतं, म्हणजे सुटायचा धोका जिथल्या तिथे. शिवाय वेल्डिंगच्या उष्णतेने पोलादाचा कडकपणा जातो, ग्रीस जळतं, आणि डाग पडलेली जागा नेमकी उतारावर तडकते. असं काम आम्ही करत नाही. बाहेरून करून आणलेलं असेल तर त्याचं ओव्हरऑइलिंगही घेत नाही, राग मानू नका.

मधला एक मार्ग आहे. जुन्याच हबवर कॉग बसवायचा, उरलेल्या आट्यांवर बीबीची लॉकरिंग आटे जुळत असतील तर आवळायची, दोन्हींना आटे चिकटवायचं द्रव्य लावायचं. ही लॉकरिंगही सुलट्याच आट्यांची, त्यामुळे कॉगबरोबर तीही सुटू शकते. ज्याला महिनाभर सपाट रस्त्यावर चालवून बघायचं आहे आणि दोन्ही ब्रेक शाबूत आहेत, त्याला एवढं करून देतो. पायडल अडवून मागचं चाक घसरवत थांबणाऱ्याला नाही.

खरा हब घ्यायचा तर दोन्ही बाजूंना आटे असलेला घ्या. एका बाजूला फिक्स कॉग, दुसऱ्या बाजूला साधं फ्रीव्हील. कंटाळा आला की चाक उलटं करून बसवायचं. यात एक मेख आहे. काळ्या सायकलला पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात, आणि बाजारातले फिक्स हब ३२ किंवा ३६ भोकांचे. म्हणून मागची जुनी रिम चालत नाही. पुढच्यासारखी ३२ भोकांची रिम घेऊन चाक नव्याने विणावं लागतं. फिक्स हबची रुंदी १२० मिमी, काळ्या फ्रेमची मागची फट त्याहून अरुंद. लोखंडी फ्रेम मापाने थोडी उघडता येते. ॲल्युमिनिअमची उघडायला जाऊ नका.

खर्च आमच्या अंदाजाने असा: जुन्या हबवरचं काम कॉग, चेन आणि मजुरी धरून हजाराच्या आत. नवा हब, रिम, तारा, विणकाम आणि आउट काढणं (चाकाची लचक काढून ते सरळ करणं) मिळून साडेतीन हजारांच्या आसपास, त्यातला निम्म्याहून जास्त भाग एकट्या हबचा. काटकसर करायची तर हँडल, सीट, मडगार्ड, रंग यांत करा. तेवढ्याने सायकल थांबत नाही.

किती दाती?

पुढचे दात मोजा. ४४ असतील आणि मागे १८चा कॉग लावला तर पायडलच्या एका फेरीत सायकल साधारण साडेपाच मीटर जाते. मिनिटाला ६० फेऱ्या म्हणजे ताशी २० किलोमीटर, ९० म्हणजे ३०. मेहरूण तलावाच्या फेऱ्या आणि बांभोरीच्या पुलावरून कॉलेजला जाणं यासाठी हे माप बरोबर आहे. १६चा लावला की तीच फेरी सव्वासहा मीटरच्या आसपास जाते. वेग छान, पण समोरून वारा आला की मांड्या भरून येतात. नवीन माणसाने १८वरून सुरुवात करावी, तापीकाठच्या सपाटीवर तो पुरेसा पळतो.

घाटाचा विषय वेगळा. ४४ आणि १८ वर ताशी ४० म्हणजे पाय मिनिटाला १२० वेळा फिरणार, आणि उतारावर ते तुमच्या मर्जीने थांबणार नाहीत. चाळीसगावहून कन्नड घाट, लळिंग, तोरणमाळ, इथे जायचं तर चाक उलटं करून फ्रीव्हील लावूनच जा.

घसरवायची हौस असणाऱ्यांसाठी एक हिशेब. ४८ आणि १६ असेल तर मागचं चाक बरोबर तीन पट फिरतं, म्हणून तोच पाय पुढे ठेवून घसरवलं की टायरची दर वेळी एकच जागा रस्त्याला घासते आणि भोक लवकर पडतं. ४४ आणि १८ ला ती झीज नऊ जागांवर वाटली जाते.

ब्रेक काढणार नाही

व्हिडिओमध्ये बिनब्रेकची सायकल दिसते ती मुळात वेलोड्रोमच्या, म्हणजे सायकल शर्यतीच्या बंदिस्त ट्रॅकवरची. तिथे समोर म्हैस येत नाही, रिक्षा वळत नाही. आम्ही पुढचा दांडीचा ब्रेक (तारेऐवजी लोखंडी दांडीने ओढला जाणारा) ठेवतोच आणि मागचा ठेवायचा आग्रह करतो. चेन तुटली किंवा उतरली तर पायाने थांबवणं संपलं, उरतो तो ब्रेक. काळ्या सायकलीच्या रिमची बाजू गोलसर असते, तिच्यावर साध्या कॅलिपरचे रबर धरत नाहीत. म्हणून नवी रिम त्याच ढबीची निवडतो आणि दांडीचाच ब्रेक वापरतो. पावसात स्टीलच्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो, जुलैत अंतर ठेवून चालवा.

चेनकव्हर काढायचा हट्ट पुष्कळ जण करतात. काढू नका. फ्रीव्हीलच्या सायकलीत पायजमा अडकला तर पाय थांबवता येतो, फिक्समध्ये चेन पुढे ओढतच जाते. ओढणी, उपरणं, सुटलेली नाडी, सगळ्याला हेच लागू. चाक फिरत असताना फडक्याने चेन पुसू नका. बोट चेन आणि दात्यांमध्ये सापडलं तर चाकाच्या वेगाने आत जातं. शिवाय आपल्याकडची काळी माती आणि धूळ चेनवर बसत नाही तो कव्हरचाच फायदा.

पहिले काही दिवस

मोकळ्या मैदानात शिका. सीट थोडी खाली ठेवा. वळणावर आतलं पायडल खाली आलं तर जमिनीला टेकतं आणि मागचं चाक उचललं जातं, म्हणून वळण हळू घ्या. थांबताना ज्या पायावर निघायचं आहे तो वर येईल असा अंदाज बांधायला शिकावं लागतं, ते आपोआप येतं.

चेन अगदी ताठ करू नका. मधोमध बोटाने दाबल्यावर वरखाली मिळून एक ते दीड सेंटीमीटर हलली पाहिजे, आणि तेही जिथे ती सर्वांत घट्ट वाटते त्या जागी मोजायचं. पुढचं चेनव्हील क्वचितच पूर्ण गोल असतं. क्रँकचा कॉटर (पायडलचा दांडा आसावर पक्का धरणारी खीळ) जुना असेल तर फिक्समध्ये पहिल्याच दिवशी टक् टक् ऐकू येईल, कारण जोर दोन्ही बाजूंनी येतो. नुसता नट आवळून उपयोग नाही, नवा कॉटर खाली आधार देऊन ठोकून बसवावा लागतो.

गुडघे दुखतात त्यांनी, मागच्या कॅरिअरवर पोराला शाळेत सोडणाऱ्यांनी आणि रोज शेतातून ओझं आणणाऱ्यांनी फिक्स करून घेऊ नये. त्यांना साधं फ्रीव्हील आणि नीट आउट काढलेली चाकं एवढंच पुरेल, आणि तेवढ्यावर आमचं गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

येताना सायकल चाकांसकट आणा. हवा नसली तरी चालेल. हब बसवला की नवे आटे चालवून दाबले जातात, म्हणून आठवडाभराने कॉग आणि लॉकरिंग पुन्हा आवळायला परत या. पहिल्या महिन्यात आवळणं आणि चेन ताणणं याचे पैसे घेत नाही. सोमवारी दुकान बंद असतं.